दोन विद्यापीठांची एक पदवी : संयुक्त पदवी अभ्यासक्रमातील विद्यार्थिजीवन आणि उज्जैनचा विद्यार्थी

प्रस्तावना

प्राचीन भारतीय ज्योतिषशास्त्रात रेखांशाची मोजणी उज्जैनपासून होत असे. आठव्या शतकात खलिफा अल-मन्सूरच्या काळात भारतीय सिद्धांतग्रंथांचे ज्ञान बगदादला पोहोचले, त्याचे अरबीत रूपांतर झाले आणि त्याबरोबर उज्जैनचे नावही अरबी लिपीत गेले. नकला करता करता ‘झे’ या अक्षरावरचा नुक्ता गळाला, ‘झे’चा ‘रे’ झाला आणि ‘उझैन’चे ‘अरीन’ झाले. याच बदललेल्या नावाने हे शहर पुढे लॅटिन ग्रंथांतून युरोपच्या विद्वानांना माहीत झाले. अठराव्या शतकात माळव्याचे सुभेदार असलेल्या सवाई जयसिंहांनी उज्जैनला वेधशाळा उभारली, तेव्हा त्यांच्यासमोर संस्कृत, फारसी-अरबी आणि युरोपीय अशा तिन्ही परंपरांचे ज्ञान होते. ज्ञान दोन देशांत मिळून घडते, ही गोष्ट या शहराला नवी नाही.

नवी आहे ती ही ज्ञानप्रक्रिया पदवीच्या चौकटीत बसवण्याची पद्धत. दोन देशांतील दोन विद्यापीठे मिळून एक अभ्यासक्रम चालवतात, विद्यार्थी दोन्हीकडे शिकतो आणि दोन्ही विद्यापीठांच्या मुद्रेची पदवी घेतो. अशा अभ्यासक्रमांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा विद्यापीठांच्या दृष्टीने असते. प्रत्यक्षात दोन संस्थांना जोडणारा दुवा असतो तो विद्यार्थी. दोन वेळापत्रके, दोन गुणपद्धती आणि दोन कार्यालये यांचा मेळ त्यालाच घालावा लागतो. हे जीवन नेमके कसे असते आणि उज्जैनसारख्या शहरातील, विशेषतः पहिल्या पिढीतील विद्यार्थी तेथपर्यंत पोहोचण्यासाठी शिक्षकाने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना : तीन शब्द, तीन अर्थ

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२२ मध्ये भारतीय आणि परदेशी उच्च शिक्षण संस्थांच्या सहकार्याविषयीचे विनियम अधिसूचित केले. त्यांत तीन प्रकार वेगळे केले आहेत.

पहिला प्रकार ‘ट्विनिंग’. यात विद्यार्थी काही भाग परदेशी विद्यापीठात शिकतो, पण पदवी भारतीय संस्थेचीच मिळते. परदेशात मिळवलेली क्रेडिट्स एकूण क्रेडिट्सच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाहीत.

दुसरा प्रकार ‘संयुक्त पदवी’. यात अभ्यासक्रम दोन्ही संस्था मिळून आखतात, दोन्ही संस्थांत प्रत्येकी किमान ३० टक्के क्रेडिट्स मिळवावी लागतात आणि शेवटी दोन्ही संस्थांची चिन्हे असलेले एकच प्रमाणपत्र मिळते.

तिसरा प्रकार ‘दुहेरी पदवी’. यात त्याच विषयातील, त्याच स्तराची पदवी दोन्ही संस्था स्वतंत्रपणे पण एकाच वेळी देतात. किमान ३० टक्के क्रेडिट्स भारतीय संस्थेतून मिळवावी लागतात. एकाच वेळी दोन निरनिराळ्या विषयांच्या पदव्या घेणे याला दुहेरी पदवी म्हणत नाहीत. आपल्या भागात या बाबतीत बराच गैरसमज आढळतो.

या विनियमांखाली मिळालेली पदवी भारतीय पदवीशी समकक्ष मानली जाते. त्यासाठी वेगळे समकक्षता प्रमाणपत्र लागत नाही. मात्र प्रत्येक संस्थेला असा करार आपोआप करता येत नाही. भारतीय संस्थेला ‘नॅक’चे किमान ३.०१ गुणांकन असावे, किंवा ती राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठ गटात पहिल्या शंभरात असावी, किंवा ती ‘प्रतिष्ठित संस्था’ म्हणून घोषित झालेली असावी. परदेशी विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात असावे लागते. दूरशिक्षण आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांना हे विनियम लागू नाहीत.

शिकण्याचे ठिकाण एक आणि पदवी देणारे विद्यापीठ दुसरे, हा अनुभव मध्य भारताला जुना आहे. १९५७ मध्ये उज्जैनला विक्रम विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी या भागातील महाविद्यालये १९२७ मध्ये स्थापन झालेल्या आग्रा विद्यापीठाशी संलग्न होती. पण ती संलग्नता होती. आग्रा परीक्षा घेई आणि महाविद्यालय शिकवी. संयुक्त पदवीत दोन्ही संस्था शिकवतात, दोन्ही परीक्षा घेतात आणि दोन्ही जबाबदार असतात. हा फरक विद्यार्थ्याला आधीच समजावून सांगणे आवश्यक आहे.

पवईचे उदाहरण

मराठी मुलखातील सर्वांत परिचित उदाहरण मुंबईत पवईला आहे. आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे मोनाश विद्यापीठ यांनी २००८ मध्ये आयआयटीबी-मोनाश रिसर्च अकॅडमी स्थापन केली. येथील संशोधक विद्यार्थ्याला दोन्ही संस्थांत एकेक मार्गदर्शक असतो. त्याचा बहुतेक काळ पवईत जातो, काही महिने तो मोनाशला जाऊन काम करतो आणि पीएच.डी. दोन्ही संस्थांच्या नावाने मिळते. पाणी, स्वच्छ ऊर्जा, पायाभूत सुविधा, जैवतंत्रज्ञान, संगणन अशा विषयांत हे संशोधन चालते.

यापेक्षा वेगळा नमुना पुण्यात दिसतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मेलबर्न विद्यापीठाच्या सहकार्याने बी.एस्सी. (ब्लेंडेड) हा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात अध्यापनाची पद्धत आणि साहित्य यांत मेलबर्नचा सहभाग आहे, पदवी मात्र पुणे विद्यापीठाची. म्हणजे हे शैक्षणिक सहकार्य आहे, संयुक्त पदवी नव्हे. दोन्ही उपयुक्त आहेत, पण प्रवेश घेताना दोहोंत गल्लत होऊ नये.

तिसरा नमुना युरोपचा आहे. युरोपीय संघाने २००४ पासून ‘इरास्मस मुंडुस’ या नावाने संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवले आहेत. विद्यार्थी किमान दोन देशांत शिकतो आणि संयुक्त किंवा एकाहून अधिक पदव्या मिळवतो. २०२१ पासूनच्या योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्याला दरमहा १,४०० युरो शिष्यवृत्ती मिळते, तीही जास्तीत जास्त २४ महिने. या शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांत भारतीय विद्यार्थ्यांची संख्या सातत्याने मोठी राहिली आहे.

क्रेडिटचा हिशेब

संयुक्त अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यासमोरचे पहिले कोडे म्हणजे क्रेडिट. कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांना हा शब्द नवा नाही, कारण त्यांचे प्रमाणपत्र आणि पदविका अभ्यासक्रम क्रेडिटवरच उभे आहेत. पण क्रेडिट हे मीटर-किलोग्रॅमसारखे सर्वत्र सारखे माप नाही.

भारताच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार एका शैक्षणिक वर्षात १,२०० तासांचे अध्ययन गृहीत धरले जाते आणि त्याची ४० क्रेडिट्स होतात, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. युरोपीय पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट्स असतात आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास. मोनाश विद्यापीठात पूर्णवेळ वर्ष ४८ क्रेडिट पॉइंटचे असते, तर त्याच शहरातील मेलबर्न विद्यापीठात १०० पॉइंटचे. एकाच शहरातील दोन विद्यापीठांची मापे सारखी नाहीत, मग दोन देशांची कोठून असणार?

याचा परिणाम असा. वर्षाच्या हिशेबाने भारताची ४० क्रेडिट्स म्हणजे युरोपची ६०, म्हणून एक भारतीय क्रेडिट दीड युरोपीय क्रेडिटइतके होते. पण तासांच्या हिशेबाने पाहिले तर तेच एक क्रेडिट १ ते १.२ युरोपीय क्रेडिटइतके भरते. यांतले कोणते गणित धरायचे हे दोन विद्यापीठांच्या करारात ठरलेले असते. ८० क्रेडिट्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ३० टक्के म्हणजे २४ क्रेडिट्स. ती परदेशी विद्यापीठातील किती विषयांइतकी होतात, हे विद्यार्थ्याने तिकडे जाण्यापूर्वी लेखी घेतले पाहिजे. नाहीतर परत आल्यावर एखादा विषय ‘मोजला गेला नाही’ असे समजते आणि एक सत्र वाया जाते.

गुणांचा प्रश्न याहून नाजूक आहे. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम श्रेणीअंक, ४.० ही उत्तीर्ण होण्याची सीमा. आपल्याकडे १० हा सर्वोत्तम. रूपांतरासाठी तेथे एक सूत्र वापरतात : कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. दहापैकी ७.६ मिळालेल्या विद्यार्थ्याचा किमान उत्तीर्ण अंक ४ असेल तर जर्मन श्रेणी २.२ येते. तोच किमान अंक ५ धरला तर श्रेणी २.४ होते. विद्यार्थी तोच, अभ्यास तोच, पण गुणपत्रिकेवर उत्तीर्णतेची सीमा स्पष्ट छापलेली नसली तर त्याचे नुकसान होऊ शकते. ऑस्ट्रेलियात उलट अनुभव येतो. मोनाशमध्ये ८० आणि त्याहून अधिक गुणांना सर्वोच्च श्रेणी असते. घरी ९० टक्क्यांची सवय असलेला विद्यार्थी तेथे ७२ गुण पाहून खचतो, वस्तुतः ते चांगले गुण असतात. हे पालकांनाही आधी सांगून ठेवावे.

दोन मार्गदर्शक, दोन घड्याळे

संयुक्त पीएच.डी.साठी २०२२ च्या विनियमांत दोन्ही संस्थांत मार्गदर्शक, दोन्हीकडे किमान एकेक सत्र वास्तव्य आणि एकच प्रबंध अशी रचना आहे. कागदावर ती सोपी दिसते. रोजच्या व्यवहारात तिची सुरुवात घड्याळापासून होते. मेलबर्न भारताच्या साडेचार तास पुढे आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे एक तास पुढे केली जातात, तेव्हा हा फरक साडेपाच तासांचा होतो. पवईत संध्याकाळी पाचला प्रयोगशाळेतून मोकळा झालेला विद्यार्थी मेलबर्नच्या मार्गदर्शकाशी बोलू पाहतो, तेव्हा तेथे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा झालेले असतात. म्हणून संयुक्त बैठक सकाळीच ठेवावी लागते आणि तिच्या आदल्या रात्री कामाचा लेखी तपशील पाठवावा लागतो.

यापेक्षा मोठा फरक अपेक्षांचा असतो. भारतीय पद्धतीत आधी लेखी अभ्यासक्रम, नंतर प्रगतीची सादरीकरणे आणि शेवटी तोंडी परीक्षा यांना महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियात पहिल्या वर्षाच्या सुमारास ‘कन्फर्मेशन’ नावाचा टप्पा असतो. त्यात विद्यार्थ्याने आपला प्रश्न, आधीचे संशोधन आणि पुढील योजना समितीसमोर मांडायची असते. संयुक्त विद्यार्थ्याला दोन्ही चाकोऱ्या सांभाळाव्या लागतात. एका मार्गदर्शकाने प्रश्न अरुंद करावा असे सुचवले आणि दुसऱ्याने विस्तृत करावा असे म्हटले, तर काय करायचे? गुरूचा शब्द अंतिम मानण्याच्या संस्कारात वाढलेला विद्यार्थी अशा वेळी गप्प बसतो आणि दोघांनाही ‘हो’ म्हणतो. काही महिन्यांनी दोघेही नाराज होतात. अनुभवी विद्यार्थी प्रत्येक बैठकीनंतर ठरलेल्या गोष्टींचे छोटे टिपण दोघांनाही एकाच पत्राने पाठवतो. मतभेद असेल तर तो मग दोन प्राध्यापकांमध्ये राहतो, विद्यार्थ्याच्या डोक्यावर बसत नाही. आदराने असहमती मांडणे हे कौशल्य आहे, आणि ते पदवीच्या वर्गातच शिकवता येते.

लेखनाचेही तसेच. उज्जैनच्या जुन्या मराठी घरातील विद्यार्थी घरी मराठी, बाजारात माळवी आणि शाळेत हिंदी बोलतो. मुस्लिम कुटुंबात त्यात उर्दूची भर असते. हे भाषावैभव कमतरता नव्हे. पण इंग्रजीत युक्तिवाद मांडणे आणि दुसऱ्याच्या विधानाचा स्रोत देणे ही वेगळी सवय आहे. आपल्याकडे पाठ्यपुस्तकातील परिच्छेद जसाच्या तसा उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. परदेशी विद्यापीठात तेच वर्तन उचलेगिरी ठरते आणि शिस्तभंगाची कारवाई होते. आयोगाने २०१८ मध्ये यासंबंधी स्वतंत्र विनियम केले, तरी महाविद्यालयीन पातळीवर ही सवय अजून पुरेशी रुजलेली नाही.

राहणे, खाणे आणि सण

इरास्मस मुंडुससारख्या अभ्यासक्रमात विद्यार्थी दर सत्राला किंवा वर्षाला देश बदलतो. प्रत्येक वेळी नवा व्हिसा किंवा निवास परवाना, नवे घर आणि नवे बँक खाते. जर्मनीत घर घेतल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. पत्ता नोंदवल्याशिवाय पुढची अनेक कामे अडतात. म्हणून पहिल्या महिन्यात अभ्यासापेक्षा कागदपत्रांतच अधिक वेळ जातो, हे गृहीत धरून चालावे.

एकटेपणाचे स्वरूपही वेगळे असते. पूर्ण पदवी परदेशात घेणाऱ्याला तेथे दोन-तीन वर्षांचा मित्रवर्ग लाभतो. संयुक्त अभ्यासक्रमातील विद्यार्थी ओळखी जमतात तोच निघतो आणि परत येतो तेव्हा मूळ वर्ग पुढे गेलेला असतो. त्याचे नाव दोन हजेरीपटांवर असते, पण कोणत्याच वर्गात तो पूर्ण मुरलेला नसतो. वरच्या वर्गातील ज्या विद्यार्थ्यांनी हीच वाट चालली आहे, त्यांच्याशी निघण्यापूर्वी बोलणे हा यावरचा सर्वांत उपयोगी उपाय ठरतो.

मुस्लिम विद्यार्थ्यांचे पालक प्रथम दोन प्रश्न विचारतात, हलाल जेवणाचा आणि नमाजचा. मेलबर्नमध्ये मोठा मुस्लिम समाज असल्याने हलाल जेवण सहज मिळते आणि मोनाशच्या क्लेटन परिसरात प्रार्थनेची सोय आहे. युरोपातील लहान गावांत मात्र स्वतः स्वयंपाक करण्याची तयारी हवी. उत्तर युरोपात जून महिन्यातील रोजा अठरा तासांच्या पुढे जातो. रमजान दरवर्षी अकरा दिवस मागे सरकत असल्याने ज्या सत्रात तो येईल त्या सत्राच्या परीक्षांचे वेळापत्रक आधी पाहून घ्यावे. शुक्रवारच्या नमाजची वेळ सत्राच्या सुरुवातीलाच सांगितली तर प्रयोगशाळेतील पाळी बहुधा जुळवता येते. ऐनवेळी सांगितल्यास अडचण होते.

मुलींच्या बाबतीत संयुक्त अभ्यासक्रमाचा एक विशेष लाभ आहे. शिक्षणाची सुरुवात भारतात, ओळखीच्या संस्थेत होते आणि परदेशातील काळ मर्यादित असतो. ‘चार वर्षे परदेशात’ याला नकार देणारे घर ‘सहा महिने, संस्थेच्या देखरेखीखाली’ याला होकार देऊ शकते. भैरवगढला बाटिक छपाईवर चालणाऱ्या घरातील मुलीसाठी हा फरक निर्णायक ठरू शकतो. शिक्षकाने पालकांशी बोलताना ही बाजू आवर्जून मांडावी.

नाव आणि कागदपत्रे

अनेक प्रवेश गुणांवरून नव्हे, नावावरून अडतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘मो.’, आधार कार्डावर ‘मोहम्मद’, पदवीवर ‘मोहम्मद’चे इंग्रजी संक्षिप्त रूप आणि पासपोर्टवर पुन्हा निराळे स्पेलिंग, अशी स्थिती मुस्लिम विद्यार्थ्यांत वारंवार आढळते. काहींचे नाव एकाच शब्दाचे असते, मग आडनावाचा रकाना रिकामा राहतो. मुलींच्या नावापुढे कोठे ‘बी’, कोठे ‘बानो’, तर कोठे काहीच नाही. एक नुक्ता गळाला तर शहराचे नाव बदलते. येथे तर दोन विद्यापीठे, एक दूतावास आणि एक बँक यांना तो एकच माणूस आहे हे पटवायचे असते. संयुक्त पदवीच्या प्रमाणपत्रावर नाव पासपोर्टप्रमाणे छापले गेले आणि जुनी गुणपत्रिका निराळी असली, तर पुढे नोकरीच्या वेळीही प्रश्न उभा राहतो. ही दुरुस्ती दहावीनंतर लगेच करणे सोपे असते. वर्षे लोटली की ती किचकट होत जाते.

मध्य प्रदेशाचे क्षेत्रीय पासपोर्ट कार्यालय भोपाळला आहे. उज्जैनच्या विद्यार्थ्याने पासपोर्टचे काम पदवीच्या दुसऱ्या वर्षीच करून ठेवावे. पदवी प्रमाणपत्रावर काही देशांसाठी ‘अपोस्टिल’ हा शिक्का लागतो. तो परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळतो, पण त्याआधी राज्य पातळीवरील साक्षांकन करावे लागते. जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्रही सामान्यतः आवश्यक झाले आहे. इरास्मस मुंडुसचे अर्ज बहुधा ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान, म्हणजे अभ्यासक्रम सुरू होण्याच्या आठ-दहा महिने आधी भरायचे असतात. अंतिम वर्षाचा निकाल लागल्यावर विचार सुरू करणारा विद्यार्थी त्या वर्षापुरता बाद होतो.

पैशाचा प्रश्न

संयुक्त पदवीचा खर्च पूर्ण परदेशी पदवीपेक्षा कमी असतो, पण तो एकदम येतो. विमानभाडे, व्हिसा शुल्क, विमा, घराची अनामत आणि पहिल्या महिन्याचा खर्च हा सारा पैसा शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता हाती येण्यापूर्वीच लागतो. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाचे शुल्क जुलै २०२४ मध्ये ७१० वरून १,६०० डॉलर केले आणि जुलै २०२५ मध्ये २,००० डॉलर. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीसाठी स्वखर्चाने जाणाऱ्याला वर्षाला ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागू लागले. पुरेशी शिष्यवृत्ती असल्यास ही अट त्यावर भागते. म्हणून शिष्यवृत्तीचे पत्र हाच अशा विद्यार्थ्याचा खरा आधार असतो.

अल्पसंख्याक समाजातील विद्यार्थ्यांसाठी दोन केंद्रीय योजना येथे उपयोगी पडत. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप एम.फिल. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मिळत असे, आणि ‘पढो परदेश’ योजनेतून परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाला अनुदान मिळे. दोन्ही योजना २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाल्या. जुन्या माहितीपत्रकांच्या आधारे आजही त्यांचा सल्ला दिला जातो, तो थांबवला पाहिजे.

या बंद होण्याचा अर्थ आकड्यांत पाहावा. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले होते की, नामवंत महाविद्यालयांत पदवी स्तरावर दर पंचवीस विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तर स्तरावर दर पन्नास विद्यार्थ्यांत एक मुस्लिम आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत मुस्लिमांचे प्रमाण १४.२ टक्के, तर २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात उच्च शिक्षणातील त्यांचे प्रमाण सुमारे ४.६ टक्के होते. संयुक्त पदवी देऊ शकणाऱ्या संस्था या मुख्यतः वरच्या श्रेणीतल्याच असतात. जेथे मुळातच विद्यार्थी कमी पोहोचतात, तेथे ही नवी संधीही आपोआप पोहोचणार नाही.

फसव्या पदव्यांपासून सावधगिरी

‘घरबसल्या परदेशी पदवी’ अशा जाहिराती लहान शहरांत अधिक चालतात. आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून स्पष्ट केले की, मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांशी करार करून दिलेल्या पदव्या ग्राह्य धरल्या जाणार नाहीत. खासगी शैक्षणिक कंपन्यांमार्फत परदेशी विद्यापीठांच्या नावाने चालणाऱ्या ऑनलाइन पदव्यांबाबतही सावध केले. फ्रँचायझी पद्धतीने दिलेल्या पदवीला मान्यता नाही. प्रवेशापूर्वी चार प्रश्न विचारावेत : करार २०२२ च्या विनियमांखाली आहे काय? प्रमाणपत्रावर कोणाचे नाव येईल? प्रत्येक संस्थेत किती क्रेडिट्स मिळवायची आहेत? मधेच सोडावे लागल्यास मिळवलेल्या क्रेडिट्सचे काय होईल? अभ्यासक्रम सोडण्याचा मार्ग आणि शुल्काचा तपशील आधी जाहीर करणे हे संस्थेचे काम आहे. उत्तर टाळणारी संस्था टाळावी.

शिक्षकांसाठी काही सूचना

१. विद्यार्थ्याने शिकलेल्या प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, तास आणि क्रेडिट यांसह जपून ठेवावा. क्रेडिट मोजताना परदेशी विद्यापीठ प्रथम हाच कागद मागते.

२. कम्युनिटी कॉलेजातील प्रमाणपत्र आणि पदविकेची क्रेडिट्स २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा होतील, याची खात्री करावी. पदविकेपासून पदवीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याचा मार्ग येथूनच सुरू होतो.

३. महाविद्यालयाच्या कार्यालयातून उत्तीर्णतेची सीमा आणि श्रेणीपद्धती स्पष्ट करणारे इंग्रजी पत्र तयार ठेवावे.

४. शिफारसपत्रात ‘मेहनती आणि आज्ञाधारक’ एवढेच लिहू नये. विद्यार्थ्याने कोणता प्रकल्प केला, कोणती अडचण सोडवली आणि वर्गात कोणता प्रश्न विचारला, हे लिहावे.

५. प्रत्येक सत्रात किमान एक निबंध संदर्भांसह लिहून घ्यावा.

६. प्रवेशाच्या दिवशीच नावाचे स्पेलिंग सर्व कागदपत्रांत तपासावे.

समारोप

संयुक्त पदवी ही प्रतिष्ठेची बाब म्हणून पाहिली जाते, पण तिचे यश कराराच्या समारंभावर अवलंबून नसते. क्रेडिटचा हिशेब, दोन मार्गदर्शकांशी संवाद, नावाचे एक स्पेलिंग आणि वेळेवर हाती आलेला शिष्यवृत्तीचा हप्ता, अशा छोट्या गोष्टींवर विद्यार्थ्याचे दोन ठिकाणचे जीवन उभे असते. मोठ्या शहरातील विद्यार्थ्याला यांतील बहुतेक माहिती घरातून किंवा मित्रांकडून मिळते. उज्जैन, भैरवगढ किंवा मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या विद्यार्थ्याला ती मिळण्याचे एकच ठिकाण असते, ते म्हणजे त्याचा शिक्षक. पवई, क्लेटन किंवा युरोपातील एखाद्या विद्यापीठात पोहोचण्याची पात्रता आपल्या वर्गांत आहे. ती वाट वेळेत दाखवणे हे शिक्षकाच्या हाती आहे, आणि पदवीच्या पहिल्या वर्षातच त्याची सुरुवात झाली पाहिजे.